मुद्गल की मगदळ? (बोलणारे बडोद्यातले, आपापल्या भागाच्या नावाने)

रावपुरा: मुलाला व्यायामशाळेत घातलंय. परवा घरी येऊन सांगतो, "आज मगदळ फिरवले!" हे ऐकून आमच्या आई फडताळातला डबा बघायला उठल्या, कारण बडोद्यात मगदळ म्हणजे मुगाची मिठाई. व्यायामाला फिरवायच्या त्या जड लाकडी सोट्याला माझ्या माहेरी मुद्गल म्हणत. मग मगदळ हा गुजरातीतला अपभ्रंश समजायचा का?

दांडिया बाजार: ताई, अपभ्रंश म्हणाल तर मग आपलाही अपभ्रंशच. मूळ संस्कृत शब्द मुद्गर. हिंदीत मुगदर, गुजरातीत मगदळ, आणि आपण 'र'चा 'ल' करून ऋषीच्या नावाला जाऊन भिडलो. त्यातली गंमत बघा. ऋग्वेदात (१०.१०२) हा मुद्गल शर्यत जिंकतो ती बैलाशेजारी 'द्रुघण', म्हणजे लाकडी घण, जुंपून. आणि अमरकोशात द्रुघणाचे पर्याय काय? 'द्रुघणे मुद्गरघनौ'! निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, यास्क मुद्गल शब्द फोडतो तो 'मुद्गवान्' असा, म्हणजे मूगवाला. नाहीतर 'मुद्गगिल', मूग गिळणारा. तेव्हा डबा शोधणाऱ्या सासूबाईंना हसू नका.

मांडवी: बडवायची मोगरी यातलीच ना?

दांडिया बाजार: हो, मोगर-मोगरी त्याच घरातल्या. मोगऱ्याचं फूलसुद्धा. देठावरची टपोरी कळी पाहून नाव पडलं असावं, पण हा माझा आपला तर्क.

मांडवी: आमचे आजोबा मुद्गल क्वचितच म्हणायचे. हलक्याला करेल, दोन्ही हातांत घेतले की जोडी. "जोर झाले, आता जोडी." आणि मुद्गल 'मारला' म्हटलं की चिडायचे. बैठका मारतात, जोर काढतात, मुद्गल फिरवतात. फिरवण्याच्या एकेका प्रकाराला 'हात' म्हणायचे, दांडपट्ट्याच्या हातांसारखं.

रावपुरा: आणि शाळेच्या कवायतीत 'इंडियन क्लब' असायचे, ते वेगळे का?

दांडिया बाजार: तेच, विलायतेहून परत आलेले. इंग्रजांनी इथे पाहिले, हलके केले. डॉनल्ड वॉकरच्या १८३४ च्या व्यायामाच्या पुस्तकात ते आहेत. पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धाही झाली. व्यायामगुरू प्रो. माणिकरावांच्या गावात राहून 'क्लब' म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

रावपुरा: मुलाला सगळं सांगितलं. त्याची शंका: एकच फिरवला तर जोडी कशी म्हणायची?

मांडवी: एकाला जोडी नाही म्हणत, एकेरी हात म्हणा. आणि छताचा पंखा बंद करून फिरवायला सांगा.