परदेशी जोडीदारासोबत निघालेल्या फिलिपिनो नागरिकाची विमानतळावर झाडाझडती कशासाठी?

दर्यावर्दी (धागालेखक):
मनिलाच्या विमानतळावर परदेशी पुरुष आणि त्याची फिलिपिनो मैत्रीण एकाच विमानाने निघालेली असली, तरी इमिग्रेशनपाशी त्यांच्या रांगा बहुधा वेगळ्या होतात. तो काही मिनिटांत शिक्का घेऊन पलीकडे पोहोचतो. तिला मात्र व्हिसा, परतीचे तिकीट, नोकरीचा दाखला आणि रजेची मंजुरी दाखवूनही दुय्यम तपासणीसाठी बाजूला घेतले जाऊ शकते. तिथे ओळख कुठे झाली, खर्च कोण करणार, लग्नाचा विचार आहे का, अशी विचारणा होते, मोबाइलमधले जुने फोटो आणि संदेश पाहिले जातात, आणि तेवढ्यानेही अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तर विमान तिच्याविना सुटते.

या तपासणीच्या समर्थनार्थ २००३ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्याचा दाखला दिला जातो. त्याच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. मात्र २०२२ मध्ये ज्या ३२,४०४ फिलिपिनो प्रवाशांना रोखले गेले, त्यांपैकी तस्करीचे किंवा बेकायदा भरतीचे बळी ठरले ४७२, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इस्रायलला निघालेल्या एका तरुणीकडे अधिकाऱ्याने चक्क 'इयरबुक' मागितले आणि तिचे विमान चुकले. जोडीदार परदेशी आहे एवढ्यावरून कोणी संशयित ठरता कामा नये, आणि सज्ञान नागरिकाला थांबवायचेच असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे, असे माझे मत आहे.

कोरडाशेरा:
धागालेखकांनी आकडा बरोबर दिला, पण त्याचा अर्थ सोयीने लावला. ४७२ हे जागेवर उघडकीस आलेले; तपासणीच्या धास्तीने दलालांनी किती जणांना पाठवलेच नाही, याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात येत नाही. परदेशी नवऱ्यांना टपालाने फिलिपिनो बायका 'पुरवणाऱ्या' संस्थांवर बंदी घालणारा कायदा या देशाला १९९० मध्येच करावा लागला आणि २०१६ मध्ये तो अधिक व्यापक करून पुरुषांनाही लागू करावा लागला, याचा विसर पडू नये. म्यानमार आणि कंबोडियातील सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर जे फिलिपिनो तरुण डांबले गेले, त्यांतले अनेक जण पर्यटक म्हणूनच देशाबाहेर पडले होते. त्याच अड्ड्यांवर आपल्याकडचीही मुले सापडली. शिवाय तस्करीचा बळी आपल्या हातून निसटला तर खात्याची चौकशी मागे लागते, हे ठाऊक असलेला अधिकारी चार प्रश्न जास्तच विचारणार.

टाचणवही:
एक माहिती जोडतो. परदेशी नागरिकाशी लग्न करून किंवा करण्यासाठी स्थलांतर करणाऱ्यांना परदेशस्थ फिलिपिनो आयोगाचे समुपदेशन घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्या सत्रात परक्या देशातले कायदे, छळ झाल्यास कोणाकडे जायचे, अशा उपयोगी गोष्टी सांगतात, हे मान्य केले पाहिजे. घोळ होतो तो प्रियकराला भेटून पंधरा दिवसांत परतणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत, कारण जोडीदाराला भेटायला निघालेल्या आणि हे प्रमाणपत्र जवळ नसलेल्या व्यक्तीला थेट दुय्यम तपासणीला पाठवण्याची तरतूद विमानतळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

उंबरठा:
मूळ अडचण याहून खोल आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. मुस्लिम नागरिक वगळता फिलिपिन्समध्ये घटस्फोटाची सोयच नाही. विवाह रद्दबातल ठरवून घेणे खर्चिक आणि वेळखाऊ. त्यामुळे नवऱ्यापासून दहा वर्षे वेगळी राहणारी बाई कागदोपत्री विवाहितच राहते आणि अविवाहित असल्याचा सरकारी दाखला तिला मिळूच शकत नाही. त्यात व्यभिचार हा तिथल्या दंडसंहितेनुसार आजही गुन्हा आहे. 'हा माझा जोडीदार' असे खरे सांगावे तर गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे, आणि 'ओळखीचा आहे' म्हणावे तर खोटी माहिती दिल्याचा ठपका. अशा बाईने त्या टेबलापाशी नेमके काय बोलावे, हे कोरडाशेरा यांनी सांगावे.

खाडीपलीकडे:
दुबईत बरीच वर्षे फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करतो. आपल्याकडेही दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते आणि ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला परवानगी काढावी लागते. तो नियम कुणाला पटो वा न पटो, पण आपल्याला तो लागू आहे की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी कळते. माझ्या सहकाऱ्यांना सुटीवरून परतताना पोटात गोळा येतो, तो नेमका अधिकारी कोण भेटेल याची खात्री नसल्यामुळे.

कोरडाशेरा:
ईसीआरचे उदाहरण माझीच बाजू बळकट करते. नियम आधीपासून ठाऊक असल्यामुळेच आपल्याकडच्या दलालांनी घरकामाला निघालेल्या बायकांना व्हिजिट व्हिसावर आखातात नेण्याची पळवाट काढली. पाठ करून घेता येतील अशा अटी दलालच सर्वांत आधी पाठ करतात. म्हणून समोरासमोरच्या चौकशीला पर्याय नाही. उंबरठा यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, पण तो घटस्फोटाच्या कायद्याचा दोष आहे, इमिग्रेशनचा नव्हे.

दर्यावर्दी:
समोरासमोरची चौकशी हवी, हे घटकाभर मान्य करू. परंतु त्याच खात्यातले काही अधिकारी चिनी प्रवाशांकडून प्रत्येकी दहा हजार पेसो घेऊन त्यांना विनासायास आत सोडत होते, हे २०२० मध्ये सिनेटच्या सुनावणीत उघड झाले. नोटा कागदात गुंडाळून देत, त्या मिठाईसारख्या दिसत, म्हणून प्रकरणाला 'पास्तियास' हे नाव पडले. जिथे अधिकाऱ्याच्या मर्जीची किंमत ठरलेली होती, तिथे लेखी कारणाची मागणी अवास्तव कशी?

प्रवासाचा हक्क राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सार्वजनिक आरोग्य यांसाठीच आणि कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणेच मर्यादित करता येईल, असे तिथली १९८७ ची राज्यघटना सांगते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्याय खात्याचे एक प्रवासबंदी परिपत्रक याच आधारावर रद्द केले. ऑगस्ट २०२३ मध्ये कागदपत्रांची यादी वाढवणाऱ्या नव्या सूचना जाहीर झाल्या, तेव्हा सिनेटमधून एवढा विरोध झाला की अंमलाच्या तोंडावर त्या स्थगित कराव्या लागल्या.

कोरडाशेरा:
लेखी कारण द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्या कागदावर 'जोडीदाराविषयी समाधानकारक उत्तर नाही' असे लिहिले आणि तो पुढे दुसऱ्या देशाच्या व्हिसा अधिकाऱ्याच्या हाती पडला, तर त्या बाईचे अधिक नुकसान होईल की कमी, याचाही विचार धागालेखकांनी करावा.