दोन डोमेन आणि दोन एस.पाटील: लॉगिनला नेमकं कुठलं नाव टाकायचं?

लॅब_ॲडमिन_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. आमच्या शिक्षणसंस्थेचं एक कॉलेज कोल्हापुरात, दुसरं रत्नागिरीत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (विंडोजमध्ये सगळ्यांची अकाउंट सांभाळणारी यंत्रणा) फॉरेस्ट, म्हणजे डोमेनांचा समूह, एकच. मूळ डोमेन (अकाउंट आणि मशीनचा एक गट) संस्था.लोकल, त्याखाली केओपी (कोल्हापूर) आणि आरटीएन (रत्नागिरी) अशी दोन चाइल्ड डोमेन. या वर्षीपासून रत्नागिरीचे एक सर आमच्याकडेही तास घेतात. आमच्या लॅबमधल्या मशीनवर ते 'एस.पाटील' आणि पासवर्ड टाकतात, तर पासवर्ड चुकीचा दाखवतं. तोच पासवर्ड रत्नागिरीत चालतो. त्यात भर म्हणजे सरांनी चार-पाच वेळा प्रयत्न केला की आमच्या फी-काउंटरवरच्या पाटील मॅडमचं अकाउंट लॉक होतं आणि समोर विद्यार्थ्यांची रांग ताटकळते. दोन डोमेनमधला ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची अकाउंट मान्य करण्याचं नातं, तपासला, ठीक आहे. काय बघू?

जुना_सर्व्हरवाला:
ट्रस्टला हात लावू नका, तो बरोबर आहे. त्या मॅडमचं लॉगिननावही 'एस.पाटील'च असणार, बघा.

नुसतं नाव टाकलं की विंडोज ते स्वतःच्या डोमेनमधलं समजतं. लॅबचं मशीन केओपीत आहे, म्हणून सरांचा पासवर्ड केओपीतल्या एस.पाटीलवर, म्हणजे मॅडमच्या अकाउंटवर तपासला जातो. चुकीचे प्रयत्न त्यांच्या खात्यावर चढतात आणि लॉक त्या होतात. डोमेन कंट्रोलरच्या (लॉगिन तपासणारा सर्व्हर) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरचा इव्हेंट उघडा. कुठल्या मशीनवरून लॉक झालं ते त्यात येतं. लॅबच्याच मशीनचं नाव दिसेल.

आजच्या आज करायचं ते एवढंच: सरांना 'आरटीएन', मग बॅकस्लॅश, मग 'एस.पाटील' असं टाकायला सांगा. लॉगिनच्या चौकटीखाली कुठल्या डोमेनमध्ये साइन इन होतंय ते लिहिलेलं असतं. बॅकस्लॅश टाकताच ते बदलतं. तेवढं बघूनच पासवर्ड टाकावा.

पण प्राध्यापकांना डोमेनचं नाव पाठ करायला लावणं मला पटत नाही. कुठलं अकाउंट कुठल्या डोमेनमध्ये आहे ही आपली, ॲडमिनची बाब. वापरणाऱ्याला एकच नाव माहीत असावं आणि ते त्याच्या ईमेलसारखं असावं. त्यासाठीच विंडोज २००० पासून यूपीएन आहे, म्हणजे यूजर प्रिन्सिपल नेम. त्यात ॲटच्या (@) नंतरचा भाग, म्हणजे सफिक्स, डोमेनच्या खऱ्या नावाशी जुळायलाच हवा असं नाही. 'डोमेन्स अँड ट्रस्ट्स' हे ॲडमिनचं टूल उघडा, सगळ्यात वरच्या नोडच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमच्या ईमेलचं डोमेन सफिक्स म्हणून जोडा. मग प्रत्येक यूजरच्या अकाउंट टॅबमध्ये ते निवडता येतं. दोन्ही कॉलेजांना एकच सफिक्स द्या.

लॅब_ॲडमिन_कोल्हापूर:
सर, ४७४० मध्ये लॅबचंच मशीन निघालं. मॅडमना सांगितलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. पण सफिक्स एकच केलं तर दोन्ही एस.पाटील पुन्हा एकमेकांवर येतील ना? आणि नाव बदललं की त्यांचं प्रोफाइल, फाइलींच्या परवानग्या?

जुना_सर्व्हरवाला:
येतील, म्हणून आधी यादी काढा. जुनं छोटं लॉगिननाव फक्त आपापल्या डोमेनमध्ये एकमेव असलं की पुरतं. यूपीएन मात्र अख्ख्या फॉरेस्टमध्ये एकमेव हवं. सर्व्हर २०१२ आर२ पासून डोमेन कंट्रोलर तेच यूपीएन दुसऱ्याला देऊच देत नाही. त्याआधीच्या सर्व्हरवर स्क्रिप्टने घातलेली दुहेरी नावं गुपचूप बसलेली असू शकतात. आपल्याकडे पाटील, जाधव, कुलकर्णी इतके की आद्याक्षर आणि आडनावावर भागत नाही. पूर्ण नाव आणि आडनाव घ्या. जुन्या नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे, रोमन लिपीतलं चंद्रशेखर.कुलकर्णी त्यात बसत नाही, २३ होतात. यूपीएनमध्ये आरामात बसतं. जुनं नाव आहे तसंच राहू द्या.

परवानग्यांची काळजी नको. त्या नावाला नाही, एसआयडीला (अकाउंटचा अंतर्गत ओळख क्रमांक) बांधलेल्या असतात आणि यूपीएन बदलल्याने एसआयडी बदलत नाही. प्रोफाइलही तेच राहतं. मात्र एखादं सॉफ्टवेअर यूपीएनच ओळख म्हणून साठवत असेल तर तिथे अडेल, ते आधी शोधा.

आणखी एक. सफिक्सवरून डोमेन कळत नसलं की ते अकाउंट कुठलं हे ग्लोबल कॅटलॉगला (अख्ख्या फॉरेस्टमधल्या अकाउंटांची सूची) विचारलं जातं, पोर्ट ३२६८. रत्नागिरीच्या डोमेन कंट्रोलरवर ग्लोबल कॅटलॉग सुरू आहे का बघा. नसेल आणि पावसाळ्यात घाटातली लाइन तुटली, तर तिथल्यांचं लॉगिन अडकेल.

क्लाउड_नाशिक:
वरच्याला दुजोरा. पुढे-मागे मायक्रोसॉफ्ट ३६५ घेणार असाल तर हे आत्ताच करा. '.लोकल' हे डोमेन आपलं आहे असं तिथे पडताळता येत नाही, आणि पडताळलेलं सफिक्स नसलं की सगळ्यांच्या नावामागे ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम लागतं. एक विचारतो, तिसरं कॉलेज जोडायचा बेत आहे का? त्यांचं फॉरेस्ट वेगळं असलं तर तेच सफिक्स दोन्हीकडे ठेवू नका. फॉरेस्ट ट्रस्टमध्ये (दोन फॉरेस्टमधला ट्रस्ट) एक सफिक्स एकाच फॉरेस्टकडे वळवता येतं. दोन्हीकडे असलं की टक्कर दाखवतं आणि पलीकडच्यांचं यूपीएन इकडे चालत नाही.

लॅब_ॲडमिन_कोल्हापूर:
चिपळूणचं कॉलेज येणार अशी चर्चा आहे खरी, त्यांचं फॉरेस्ट वेगळंच आहे. मग सध्या सफिक्स फक्त आमच्या फॉरेस्टमध्ये जोडतो. रत्नागिरीत ग्लोबल कॅटलॉग बंद निघाला, तो आधी सुरू करून घेतो. दुहेरी नावांची यादी काढायला घेतली आहे, पाटलांपासूनच सुरुवात.

जुना_सर्व्हरवाला:
उत्तम. यादी झाली की आधी फक्त त्या सरांचं यूपीएन बदला, लॅबमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहून लॉगिन करून बघा, मग बाकीच्यांचं घ्या. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस सोडून.