नवीन वर्षाच्या सुट्टीत घरी आणि बाहेर टाइमपास काय करता? (स्क्रीन सोडून)

टंगळमंगळ

नमस्कार मंडळी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचे पहिले काही दिवस आम्ही सगळे घरीच आहोत. सगळे म्हणजे मी, नवरा, धाकटा नऊ वर्षांचा, लेक चौदाची (जिला सगळंच बोअर होतं) आणि सासरे, वय ७८, गुडघ्यांमुळे फार चालत नाहीत पण डोकं एकदम तल्लख. कुठे जायचं नाहीये, पार्टीबिर्टी नकोय, खर्चही नकोय. साधंसुधं काहीतरी हवंय, थोडं घरात थोडं बाहेर. माझा दरवेळचा प्रॉब्लेम असा की मी हौसेने काहीतरी ठरवते, पहिला अर्धा तास सगळे उड्या मारतात, मग एकेक जण गळतो आणि शेवटी मी एकटीच पसारा आवरत बसते. तर तुमच्याकडे खरंच चाललेलं काही असेल तर सांगा, नेटवरच्या "५० भन्नाट आयडिया" वाचून झाल्यात, त्यातल्या ४० साठी आधी सामान आणायला जावं लागतं.

कोपऱ्यातली_खुर्ची

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे ताई. तुम्ही "ठरवता" तिथेच गाडी अडते. सुट्टीत माणसाला वेळापत्रक नको असतं, चला चला सगळे बसा म्हटलं की निम्मे लोक मनातून उठलेले असतात. आमच्याकडे जे टिकलं ते एवढंच, की वस्तू उघडी टाकून ठेवायची, ज्याला यायचं तो येईल, जायचं तो जाईल, कोणी हाक मारायची नाही.

जिगसॉ पझल यासाठी बेस्ट. घरात जुनं पडलं असेल तर तेच काढा, कोणाकडून उसनं आणा. एका मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर मांडायचं म्हणजे झोपताना अख्खं उचलून पलंगाखाली सरकवता येतं. आणि जागा अशी निवडा की तिथून सगळ्यांची ये-जा असते. येताजाता माणूस थांबतो, एक तुकडा हातात घेतो, इकडे लावून बघतो तिकडे लावून बघतो, आणि बसला की मग पंधरा मिनिटं हलत नाही. कडेचे तुकडे आधी वेगळे काढा हे सगळे सांगतात, पण मी म्हणेन आकाश किंवा पाणी असलेले एकाच रंगाचे तुकडे एका ताटात वेगळे करून ते सासऱ्यांकडे द्या. ते काम रंगावर नाही, तुकड्याच्या आकारावर चालतं, चिकाटीचं असतं, आणि तरुण मंडळींना तेवढा धीर नसतो. बाय द वे १००० तुकड्यांचं म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा ३८ गुणिले २७ म्हणजे १०२६ तुकडे असतात. धाकट्याला मोजायला लावा, तेवढाच तुमचा एक तास सुटला.

शिस्तप्रिय

मोबाईल एका टोपलीत गोळा करा सकाळी. संध्याकाळी परत द्या. बाकी आपोआप होतं.

कोपऱ्यातली_खुर्ची

@शिस्तप्रिय, चौदा वर्षांच्या मुलीचा मोबाईल टोपलीत टाकून बघा, मग त्या घरात जे आपोआप होतं त्याला टाइमपास म्हणत नाहीत 😄

व्याधामागे

बाहेरचं मी सांगतो. पैसे शून्य, सामान शून्य, आणि नवीन वर्षाची वेळ यासाठी अगदी जमून आलेली आहे.

३१ डिसेंबरला मध्यरात्री सगळे फटाके बघत असतात तेव्हा व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, जवळपास बरोबर त्याच सुमारास आकाशात सर्वात उंचावर येतो. दरवर्षी. घड्याळाच्या काट्यांबरोबर बाराच्या ठोक्याला नाही, थोडं इकडेतिकडे होतं, पण बारा वाजले आणि मान वर केली तर तो तिथे असणारच. शोधायचा कसा तर मृगाचे मधले तीन तारे एका ओळीत असतात, ते कोणालाही ओळखता येतात. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध लागतो, उलट्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी, तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असाल तर हेच सगळं डोक्यावर उभं राहिल्यासारखं उलटं दिसेल, रेघ मात्र तीच चालते.

पण नुसते तारे दाखवले तर मुलं दोन मिनिटांत आत पळतात. त्यावर आमचा उपाय म्हणजे "वयाचा तारा". प्रत्येकाने आपल्या वयाएवढ्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधायचा, म्हणजे तुम्ही जन्मलात तेव्हा तिथून निघालेला प्रकाश आत्ता तुमच्या डोळ्यात शिरतोय. तुमच्या धाकट्याचा तर आयताच आहे, व्याध, साधारण साडेआठ प्रकाशवर्षं. सासऱ्यांचा मघा नक्षत्रातला मुख्य तारा, तो ७९ च्या आसपास. तो जरा उशिरा वर येतो, अकरानंतर पूर्वेला बघा. सासऱ्यांना खुर्ची टाकून द्या, गुडघ्यांना काही त्रास नाही. त्यांना सांगा की हा उजेड निघाला तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात किंवा यायच्या बेतात होतात, आणि मग बाजूला व्हा, पुढचा तास तेच बोलतील.

लेकीची पंचाईत आहे. चौदाच्या जवळपास ठळक असा तारा नाही. प्रश्वा साडेअकरा, श्रवण पावणेसतरा, यातला श्रवण या दिवसांत सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ पश्चिमेला दिसतो. तर तिला म्हणावं एक मागे राहिला आणि एक अजून यायचाय, कुठला घ्यायचा तो तू ठरव. तुमचं वय मी विचारत नाही 🙂 पण पुनर्वसूच्या जोडीतला पिवळसर तारा ३४, ब्रह्महृदय ४३, पुनर्वसूचाच दुसरा पांढरा ५१ आणि रोहिणी ६५ ते ६७. यातले सगळे नऊ-दहा वाजता एकाच वेळी वर असतात, असा मोसम वर्षात दुसरा नाही. दोन-तीन वर्षांचा फरक चालवून घ्यायचा, आपण काही पासपोर्ट काढत नाही आहोत.

एकच पथ्य. बाहेर आल्यावर निदान वीस मिनिटं मोबाईलकडे बघायचं नाही, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून.

खिडकीतून

आमच्या इथे आकाश म्हणजे नारिंगी धुरकट छत. एवढं सगळं दिसत नाही हो.

व्याधामागे

@खिडकीतून, व्याध आणि मृगाची रेघ भर शहरातून दिसते, रोहिणी आणि ब्रह्महृदयही. कृत्तिका आणि उल्कांना अंधार हवा हे खरं. ३-४ जानेवारीला एक चांगला उल्कावर्षाव असतो पण त्याचा भर फक्त काही तासांचा आणि तोही मध्यरात्रीनंतर, उत्तर गोलार्धातच नीट दिसतो आणि चंद्र मोठा असला तर सगळंच पाण्यात. घरच्यांना पहाटे उठवून काहीच दिसलं नाही तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही, त्यामुळे मी त्याची शिफारस करत नाही.

दिवसाचं हवं असेल तर एक काठी रोवा, कुंडीत रोवली तरी चालेल फक्त कुंडी हलवायची नाही. दर रविवारी घड्याळात बरोबर ठरावीक वेळी, समजा बारा वाजता, सावलीच्या टोकाला खूण करायची. खुणा एका सरळ रेषेत येत नाहीत. या दिवसांत सूर्य रोज जवळजवळ अर्धा मिनिट उशिरा माथ्यावर येतो त्यामुळे खूण बाजूला सरकत जाते, आणि वर्षभर नेटाने केलं तर शेवटी इंग्रजी आठचा आकडा तयार होतो. १ जानेवारीला सुरू करण्यासारखा यापेक्षा चांगला संकल्प मला माहीत नाही, कारण आठवड्यातून एक मिनिट लागतं.

आणि मुलांना एक कोडं घाला, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? सगळे उन्हाळ्यातला महिना सांगतात. असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किमी, आणि जुलैत १५ कोटी २१ लाख. मग ऋतू कशामुळे यावर जी वादावादी होते ती ऐकण्यासारखी असते, तुम्ही उत्तर (आस कललेला) लगेच सांगू नका.

आकडेमोड

चौदा वर्षांच्या मुलीसाठी माझ्याकडे आहे. तिला कॅलेंडर न बघता वार सांगायला शिकवा. हे वय असं असतं की दुसऱ्यांना न येणारं काहीतरी आपल्याला आलं की बोअर होणं बंद होतं.

जॉन कॉनवे नावाच्या गणितज्ञाची रीत आहे, १९७३ सालची. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या तारखांना कुठल्याही वर्षी एकच वार असतो. सरळ आहेत, चार-चार सहा-सहा. शिवाय ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर ही उलटसुलट जोडी, १४ मार्च आणि फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, यांनाही तोच वार. जानेवारीसाठी ३ तारीख धरायची, लीप वर्षात ४. झालं. २०२६ चा हा वार शनिवार. आता कोणी विचारलं १९ ऑगस्टला काय, तर ८ शनिवार, १५ शनिवार, १९ म्हणजे बुधवार. दुसऱ्या वर्षी वार एकाने पुढे, लीप वर्ष असेल तर दोनाने. दोन दिवस सराव केला की पाहुण्यांच्या वाढदिवसांचे वार फडाफड सांगेल, आणि आजोबांना परीक्षा घ्यायला बसवा.

त्यातूनच दुसरा खेळ निघतो, जुनी कॅलेंडरं. घरात कुठल्या तरी कपाटात असतातच. २०१५ चं असेल तर २०२६ ला तारीख-वार सगळं तंतोतंत जुळतं, कारण दोन्ही वर्षं गुरुवारी सुरू होतात आणि लीप नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवलेल्या नोंदी वाचण्यात मात्र अख्खी दुपार जाते, ते गणितापेक्षाही भारी.

पत्तेबाज

इतका वेळ झाला आणि पत्त्यांचं नाव कोणी काढलं नाही? कमाल आहे. पाच माणसं, ५२ पत्ते, अजून काय पाहिजे.

तुमच्या घरी बदामसात चालेल कारण नऊ आणि अठ्ठ्याहत्तर यात काही फरक पडत नाही. सगळे पत्ते वाटायचे, बदामची सत्ती ज्याच्याकडे त्याने टाकायची, मग त्यावर छक्की खाली, अठ्ठी वर, किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. ज्याचे आधी संपले तो जिंकला. वरून बावळट वाटतो पण खरी मजा अडवण्यात आहे. माझ्याकडे चौकटची सत्ती आहे आणि समोरच्याकडे चौकटचा गड्डा आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलंय, आता ती सत्ती मी शेवटपर्यंत दाबून ठेवणार आणि तोंडाने मात्र "अरे चौकट कोणाकडे अडकलीय रे" म्हणून ओरडणार. ७८ वर्षांची माणसं यात भयंकर तरबेज असतात, सावध राहा.

झब्बू त्यापेक्षा आरडाओरड्याचा. समोरच्याने टाकलेला रंग आपल्याकडे नसला की दुसऱ्या रंगाचा पत्ता घालून झब्बू द्यायचा, आणि आधी टाकलेल्या रंगात ज्याचा पत्ता सगळ्यात मोठा त्याने सगळे उचलायचे. ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरले तो हरला. यात जिंकणारा कोणी लक्षातच राहत नाही, हरणाऱ्याला मात्र वर्षभर ऐकावं लागतं.

आणि पिसणं! सगळे दोनदा खालीवर करतात आणि वाटतात, मग मागच्या डावाचे गठ्ठे तसेच येतात. दोन भाग करून एकमेकांत फरफर मिसळायची जी पद्धत आहे ना, तशी सात वेळा केली तर ५२ पत्ते बऱ्यापैकी मिसळतात, हे १९९२ साली बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवून दिलं. हे पिसणं शिकण्यातच धाकट्याचे दोन दिवस जातील, पत्ते पलंगाखाली उडतील, उडू देत.

खिडकीतून

चालता येत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडून एक. एका जागी अर्धा तास बसून दिसेल तो पक्षी लिहायचा, बाल्कनी, गच्ची, बाग कुठेही. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, "चोच वाकडी, शेपूट सारखी हलवतो" असं. पहिली दहा मिनिटं कावळा कबुतर कावळा कबुतर असं चालतं आणि वैताग येतो, पण आपण हालचाल बंद केली की पक्षी जवळ यायला लागतात, हे खरंच होतं. वही तिथेच अडकवून ठेवली की प्रत्येक जण येऊन आपापलं खरडून जातो. अमेरिकेत १९०० सालापासून दर वर्षी नाताळच्या सुमारास (हल्ली १४ डिसेंबर ते ५ जानेवारी) अशीच पक्ष्यांची मोजणी करतात, हौशी लोकच करतात, फ्रँक चॅपमन म्हणून एकाने सुरू केली होती. आपण तेवढं मनावर घ्यायची गरज नाही.

शिस्तप्रिय

वहीला पेन दोरीने बांधा. नाहीतर पहिल्या दिवशीच गायब.

टंगळमंगळ

सगळ्यांचे मनापासून आभार!! रिपोर्ट देते. पझल पॅसेजमध्ये मांडलं, मी कोणाला हाक मारली नाही (जीभ चावून बसले), नवरा रात्री पाणी प्यायला उठला तो तिथेच मांडी घालून बसलेला सापडला. सासरे मघा बघायला अकरा वाजेपर्यंत जागे राहिले, दिसल्यावर काही बोलले नाहीत, मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लहानपणीचं घर, विहीर, कोण कुठे झोपायचं हे सगळं सुरू झालं ते अजून चालू आहे. लेकीने श्रवण घेतला, "मागे राहिलेला कोण घेणार" म्हणे. वारांचं तिला जमलंय पण ती आता सगळ्यांना तुमचा जन्म कुठल्या वारी झाला ते सांगत सुटलीये आणि माझा तिने चुकीचा सांगितलाय असं माझी आई म्हणते, तो वाद फोनवर सुरू आहे. पक्ष्यांच्या वहीचं पेन गायब, @शिस्तप्रिय तुम्ही बरोबर होतात.

आता एक अर्जंट. बदामसातमध्ये हातात लागणारा पत्ता असताना "पास" म्हणता येतं का? सासरे म्हणतात येतं, नवरा म्हणतो ही शुद्ध चीटिंग आहे, डाव अर्धवट थांबलाय आणि दोघं माझ्याकडे बघतायत.

पत्तेबाज

नाही येत. लागतो तो पत्ता टाकावाच लागतो. एकापेक्षा जास्त लागत असतील तर कुठला टाकायचा ते आपल्या मर्जीवर, आणि सत्ती दाबून ठेवायची ती याच फटीतून. दुसरं काहीच लागत नसेल तर सत्ती टाकायलाच हवी. पण बऱ्याच घरांत पास चालवतात, म्हणून नियम वाटायच्या आधी ठरवायचा असतो. या डावापुरतं सासऱ्यांचं चालू द्या, पुढच्यापासून पक्का नियम. आणि नवऱ्याला विचारा त्याच्याकडे इस्पिकची सत्ती आहे का, मला दाट संशय आहे.

टंगळमंगळ

इस्पिकची सत्ती त्याच्याकडेच निघाली 🤦‍♀️ आता चीटिंग कोणी केली यावर नवीन भांडण.