मदत हवी आहे: एकच दुःख आणि सहा जेम्स बाँड – तुलना कशी मांडावी?

नमस्कार,

आमच्या वाचनालयात चित्रपट पाहणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा पंचवीस-तीस माणसे जमतात, एखाद्या विषयावरील दृश्ये पडद्यावर दाखवली जातात आणि नंतर चर्चा होते. या वेळी पाळी माझी असून ‘जेम्स बाँड साकारणारे सहा अभिनेते’ हा विषय मी स्वतःहून मागून घेतला आहे. हातात दीड तास आणि तीन आठवडे आहेत. तयारी करताना जिथे अडलो आहे, ते सविस्तर लिहितो आणि जाणकारांनी मार्ग सुचवावा अशी विनंती करतो.

सुरुवातीला मी सगळेच करतात तसे केले. शॉन कॉनरी यांचा रुबाब, रॉजर मूर यांचा मिश्कीलपणा, टिमथी डाल्टन यांचा कडवेपणा, पिअर्स ब्रॉस्नन यांची सफाई, डॅनिएल क्रेग यांची अंगातली रग, अशी विशेषणे एकाखाली एक लिहून काढली. लिहून झाल्यावर लक्षात आले की यांतले एकही विशेषण नवे नाही, आणि त्यांतील किती वाटा अभिनेत्याचा, किती पटकथेचा आणि किती त्या दशकातील प्रेक्षकांच्या आवडीचा, हे त्यावरून मुळीच कळत नाही. 1962 पासून 2021 पर्यंतच्या पंचवीस चित्रपटांत खलनायक बदलले, गाड्या बदलल्या, विनोदाची जातही बदलली. मग बदललेल्या अभिनेत्याला वेगळे काढून कसे पाहणार?

म्हणून मी एक घटना पक्की धरायचे ठरवले, ती म्हणजे बाँडच्या पत्नीचा मृत्यू. 1969 सालच्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड ट्रेसीशी लग्न करतो आणि त्याच दिवशी तिची हत्या होते. गाडीवरची फुले काढण्यासाठी तो रस्त्याच्या कडेला थांबलेला असतो, तेवढ्यात भरधाव गाडीतून गोळीबार होतो. मोटरसायकलवरून पोलीस येतो, तेव्हा तिला मांडीवर घेऊन बसलेला बाँड त्यालाच समजावल्यासारखा सांगतो की ती जरा विश्रांती घेते आहे, आम्ही थोड्या वेळात निघू, घाई कसली, आमच्यापाशी वेळच वेळ आहे. मग तो तिच्या केसांत तोंड लपवतो, आणि पडद्यावर उरते ती गाडीची तडकलेली काच आणि तिला पडलेले गोळीचे भोक. या चित्रपटात बाँड साकारणारे जॉर्ज लॅझेन्बी त्या वेळी तिशीच्या आतले होते आणि त्यापूर्वी जाहिरातींत मॉडेल म्हणून काम करत असत. तरीही हे वाक्य ते इतक्या हळू, इतक्या साध्या सुरात म्हणतात की त्यांना नवखे म्हणून बाजूला सारणाऱ्यांचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. पहिल्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू आले होते आणि बाँड रडत नाही म्हणून दिग्दर्शक पीटर हंट यांनी दृश्य पुन्हा घेतले, असे लॅझेन्बी यांनीच सांगितले आहे. मग पडद्यावरच्या त्या संयमाचे श्रेय नेमके कोणाचे, हीच माझी पहिली अडचण आहे.

त्यानंतर हे दुःख वारसाहक्काने पुढच्या अभिनेत्यांकडे गेले. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (1977) मध्ये कैरोतील मद्यालयात रशियन हेर आन्या बाँडची माहिती पाठ केल्यासारखी म्हणून दाखवते. ती पत्नीच्या उल्लेखाशी पोहोचताच मूर तिचे वाक्य मध्येच तोडतात. ‘फॉर युअर आइज ओन्ली’ (1981) सुरू होतो तोच ट्रेसीच्या कबरीपाशी. दगडावर 1943–1969 ही वर्षे कोरलेली आहेत, खाली तेच ‘वेळच वेळ आहे’ हे वाक्य आहे, आणि मूर तिथे फुले ठेवतात. ‘लायसन्स टू किल’ (1989) मध्ये मित्र फेलिक्स लायटर याच्या लग्नात नववधू डेला बाँडला ‘पुढचे लग्न तुझे’ अशा अर्थी छेडते. डाल्टन नकार देऊन निघून जातात, आणि आपले काही चुकले का, असे तिने विचारल्यावर फेलिक्स सांगतो की त्याचेही एकदा लग्न झाले होते, पण त्याला फार दिवस झाले. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (1999) मध्ये बाँड जिच्या रक्षणासाठी आलेला असतो ती इलेक्ट्रा त्याला विचारते की तुम्ही कधी जवळचे माणूस गमावले आहे का, आणि ब्रॉस्नन उत्तर न देता कामाच्या विषयाकडे वळतात.

ही दृश्ये एकापुढे एक लावून पाहताना मला एक गोष्ट सापडली, आणि तिच्यामुळे तुलना न्याय्य होऊ शकेल असे वाटते. 1969, 1977, 1981 आणि 1989 या चारही चित्रपटांच्या पटकथेत रिचर्ड मेबॉम यांचा हात आहे. शिवाय 1981 आणि 1989 या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जॉन ग्लेन असून 1969 च्या चित्रपटाचे संकलनही त्यांनीच केले होते. म्हणजे लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि दुःखही तेच. बदलला तो अभिनेता. मूर यांचा बाँड कबरीपाशी एकटा असताना शोक करतो आणि पाद्री निरोप घेऊन येताच पुन्हा कामाचा माणूस होतो. डाल्टन यांच्या बाँडचे दुःख मात्र भरल्या लग्नघरात, लोकांसमोर, त्याच्या मनाविरुद्ध उघडे पडते. माझ्या मते डाल्टन यांची निवड अधिक कठीण आहे, कारण त्यांना निरोप घ्यायला अर्धे वाक्यच मिळते आणि पुढे डेलाच्या हत्येनंतर बाँड घेतो त्या सूडाचा सगळा भार त्यावर असतो. पण कबरीचे दृश्य मूर परततील की नवा अभिनेता येईल हे ठरलेले नसताना, नवा बाँड आलाच तर त्याची ओळख करून देण्यासाठी लिहिले गेले होते. जे दृश्य कोणा एका अभिनेत्यासाठी लिहिलेलेच नव्हते, त्यावरून मूर यांचे मोजमाप करावे का?

कॉनरी आणि क्रेग यांच्याबाबत तर मी पुरता गोंधळलो आहे. ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ (1971) च्या आरंभी कॉनरी ट्रेसीच्या हत्येमागच्या ब्लोफेल्ड या खलनायकाला देशोदेशी शोधत लोकांना बदडतात, पण ट्रेसीचे नावही निघत नाही. हा सूड मानावा की नेहमीचीच कामगिरी? क्रेग यांच्या चित्रपटांत कथा 2006 पासून नव्याने सुरू झाल्यामुळे त्यांच्या बाँडला ट्रेसी भेटतच नाही. तिच्या जागी ‘कॅसिनो रॉयाल’ (2006) मधली त्याची प्रेयसी व्हेस्पर आहे. हॉटेलच्या जिन्यातील मारामारीनंतर ती कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली असते आणि क्रेग काही न बोलता तसेच कपड्यांनिशी तिच्या शेजारी जाऊन बसतात, हे दृश्य वगळण्याची माझी तयारी नाही. त्यात ‘नो टाइम टू डाय’ (2021) मध्ये ‘वेळच वेळ आहे’ हे वाक्य पुन्हा येते आणि अखेरीस श्रेयनामावलीवर याच शब्दांचे, 1969 च्या चित्रपटातले लुई आर्मस्ट्राँग यांचे गाणे वाजते, त्यामुळे क्रेग यांना तुलनेबाहेर ठेवणे अवघड होते.

आणखी एक शंका. 1969 च्या चित्रपटात बाँड सर हिलरी ब्रे यांचे सोंग घेतो त्या भागात लॅझेन्बी यांना जॉर्ज बेकर यांचा आवाज दिलेला आहे. ज्या भूमिकेचा इतका भाग दुसऱ्याच्या आवाजात आहे, ती इतरांच्या पंक्तीत बसवावी का? जाणकारांनी या प्रश्नांवर मत द्यावे, आणि ट्रेसीचा संदर्भ असलेले एखादे दृश्य माझ्या नजरेतून सुटले असेल तर तेही सांगावे. मी मनापासून आभारी राहीन.

प्रतिसाद

विषयाची मांडणी आवडली. आवाजाबद्दल आधी सांगतो. बेकर यांचा आवाज फक्त सोंगाच्या भागापुरता आहे. शेवटच्या दृश्यात आवाज लॅझेन्बी यांचाच आहे. तेव्हा आपण ज्या दृश्यावर बोलणार आहात, तिथे ही हरकत लागू होत नाही. अश्रूंच्या बाबतीत माझे मत असे की दिग्दर्शकाने ‘रडू नका’ म्हटले तरी न रडता ते वाक्य कसे म्हणायचे, हे अभिनेत्यालाच शोधावे लागते. ते श्रेय निःशंकपणे लॅझेन्बी यांना द्यावे.

कॉनरी यांना या तुलनेतून वगळावे असे सुचवतो. त्या चित्रपटाला मागच्या मृत्यूची आठवण ठेवायचीच नाही. तिथे दुःख शोधणे म्हणजे आपल्याकडचे त्यांच्या पदरात टाकणे होय. त्यांच्यासाठी ‘गोल्डफिंगर’ (1964) मधील सोनेरी रंगाने माखलेले जिल मास्टरसनचे प्रेत सापडते ते दृश्य घ्यावे. क्रेग यांना ब्रॉस्नन यांच्यासमोर ठेवता येईल, कारण ‘गोल्डनआय’ (1995) आणि ‘कॅसिनो रॉयाल’ (2006) या दोन्हींचे दिग्दर्शक मार्टिन कँपबेल आहेत. ‘गोल्डनआय’मध्ये जुना सहकारी ट्रेव्हेलियन बाँडला ‘ज्यांना तू वाचवू शकला नाहीस’ अशा स्त्रियांवरून टोमणा मारतो. ट्रेसीचे नाव नसले तरी रोख तिकडेही आहे, असे मला वाटते. आणि एक करून पाहा: प्रत्येक दृश्य आधी आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासह.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले फार आभार. काल रात्री आवाज बंद करून 1969 आणि 1989 ची दृश्ये पाहिली. लॅझेन्बी यांचा चेहरा शेवटी केसांत लपतो, त्यामुळे आवाज बंद केल्यावर त्यांच्याकडे खांदे आणि हात एवढेच उरतात, आणि तरी दृश्य उभे राहते. आवाज मिळताच ते वाक्य दुप्पट लागते. कॉनरी यांच्याबाबतची आपली सूचना मला मान्य आहे. आता क्रम असा ठरवला आहे: आधी जॉन ग्लेन यांचे मूर आणि डाल्टन, मग ‘गोल्डफिंगर’मधले कॉनरी, त्यानंतर कँपबेल यांचे ब्रॉस्नन आणि क्रेग, आणि सर्वांत शेवटी 1969.

एक प्रश्न मात्र अजून सुटत नाही. इलेक्ट्राच्या प्रश्नावर ब्रॉस्नन गप्प राहतात, तो क्षण मी चार वेळा पाहिला. दोनदा वाटले की ट्रेसी त्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि दोनदा वाटले की पटकथेला केवळ पुढच्या मुद्द्यावर जायचे आहे. ज्यांनी हा चित्रपट बारकाईने पाहिला आहे, त्यांना तिथे काय दिसले?