‘आय फील लव्ह’चा बेस मोनोत गायब का होतो?

खर्ज
मंडळी, गायिका डोना समरच्या ‘आय फील लव्ह’चा (१९७७) तो अखंड धावणारा बेस सॉफ्टवेअर सिंथवर (संगणकातल्या सिंथेसायझरवर) बसवतोय. लय मिनिटाला १२६ ठोके, एका ठोक्यात चार नोट्स, सगळ्या हाताने भरल्या आहेत. आवाज रुंद वाटावा म्हणून उजवी बाजू डावीपेक्षा १० मिलिसेकंद उशिरा ठेवली. हेडफोनवर झकास, पण मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू मिसळून एका स्पीकरवर लावलं की बेस पोकळ. शिवाय मूळ गाण्यासारखा धावत नाही, नुसता टकटकतो. मूळ गाण्यातल्या मूग सिंथवर नेमकं काय केलं होतं? आणि हे गाणं आधी बी-साइडला (तबकडीच्या दुय्यम बाजूला) होतं, हे खरं का?

रिळवाला
घोळ त्या १० मिलिसेकंदांतच आहे. ५० हर्ट्झच्या लाटेचं अर्धं आवर्तन बरोबर १० मिलिसेकंदांचं. दोन्ही बाजू एकत्र आल्या की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर बसतो. खालचा जी ४९ हर्ट्झचा, म्हणजे तो जवळपास पुसलाच जाणार. ६५ हर्ट्झचा सी उरतो, पण निम्म्याहून कमी.

मुळात ठोक्याच्या चारही नोट्स भरायच्याच नाहीत. सीक्वेन्सर (नोट्स क्रमाने आपोआप वाजवणारं यंत्र) ठोक्याला दोनच नोट्स वाजवतो, मधल्या दोन डिलेमधून (तोच आवाज उशिरा परत वाजवणारा इफेक्ट) येतात. मूळ आवाज पूर्ण डावीकडे, डिलेचा पूर्ण उजवीकडे. फीडबॅक शून्य, म्हणजे एकच पडसाद. १५००० भागिले लय, हा डिलेचा आकडा: १२६ ला ११९ मिलिसेकंद. प्रत्येक नोट आपोआप दुहेरी होते आणि बेस डावीकडून उजवीकडे उड्या मारत पळतो. तुम्हाला हवं ते ‘धावणं’ हेच.

सुरावट एकदाच भरा आणि अख्खी एकेका सुरावर उचला: सी, ई फ्लॅट, एफ, जी. मॉड्युलर सिंथ (व्होल्टेजवर चालणारा, सुटे भाग जोडून केलेला) असेल तर सीक्वेन्सरच्या व्होल्टेजमध्ये ई फ्लॅटसाठी ०.२५ व्होल्ट मिळवा, जीसाठी साधारण ०.५८.

खर्ज
केलं. मोनोत बेस परत आला, आभार. पण सुरावट बदलते तिथे क्षणभर चिखल होतो.

रिळवाला
गेट (नोट किती वेळ धरली जाते ते) लांब आहे. नोट ११९ मिलिसेकंदांपेक्षा लांबली की ती आपल्याच पडसादावर चढते, आणि पडसाद लांबला की पुढच्या नोटवर. गेट ७०-८० मिलिसेकंदांवर आणा, एन्व्हलपचा रिलीजही (नोट सुटल्यावर विझण्याचा वेळ) ११९ च्या आतच संपू द्या. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) लावला असेल तर बेसवरून काढून टाका.

सूरमापक
मूगबद्दल थोडं. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी हे केलं. यंत्र होतं संगीतकार एबरहार्ड शोनर यांचं मॉड्युलर मूग, आणि ते चालवायला रॉबी वेडेल. टेपच्या एका ट्रॅकवर संदर्भाचा ठोका भरून मूग त्याला बांधायची युक्ती वेडेलची. त्यामुळे आधी भरलेल्या ट्रॅकवर नवा ट्रॅक तंतोतंत बसू लागला. ही युक्ती नसती तर बाकीचं सगळं कागदावरच राहिलं असतं, असं माझं मत.

सूर मात्र टिकत नव्हता. एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबात १० मिलिव्होल्ट सरकले तरी सूर १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) घसरतो, आणि तेवढं सरकायला खोली जराशी तापली तरी पुरे. म्हणून वीस-तीस सेकंदांचे तुकडे भरायचे, थांबून सूर लावायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲनालॉग ड्रिफ्ट’चं (सूर मुद्दाम थोडा हलवणारं) बटण असेल तर ३-४ सेंटच्या पुढे जाऊ नका. वरचा आवाज लांब सूर धरून तरंगतोय, बेस हलला की तोच बेसूर वाटेल.

हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका) मूगच्या व्हाइट नॉइजमधूनच (खरखरीतून) कापलेली. किक (ड्रमचा जड ठोका) मात्र मूगमधून दमदार निघेना, म्हणून ती कीथ फोर्सी यांनी ड्रमवर वाजवली. तुमची किक शंभर टक्के ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या आखीव ठोक्यांवर) असेल तर थोडी हलवा, पण ५ मिलिसेकंदांच्या आतच. त्यापुढे किक आणि बेस वेगवेगळे ऐकू येतात.

तबकडी
बी-साइडचं खरं आहे. ए-साइडला ‘कान्ट वी जस्ट सिट डाउन’ हे संथ गाणं होतं. क्लबांत डीजे तबकडी उलटून वाजवू लागले, मग कंपनीनेही बाजू बदलल्या. ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिला क्रमांक, अमेरिकेत बिलबोर्डवर सहावा. अल्बमची कल्पनाच अशी की गाण्यांनी जुन्या दशकांची चक्कर मारायची, आणि शेवटचं हे गाणं भविष्याचं. बर्लिनमध्ये संगीतकार ब्रायन ईनो तबकडी घेऊन धावत आले आणि ‘भविष्याचा आवाज सापडला’ म्हणाले, ही गायक डेव्हिड बोवी यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्धच आहे.

अवांतर: ताडून बघायला अल्बममधलीच आवृत्ती घ्या. पॅट्रिक काउलीची पावणेसोळा मिनिटांची आवृत्ती भारी आहे, पण त्याने स्वतःचे सिंथ वर चढवलेत, त्यात मूळ बेस सुटा ऐकणं अवघड. आणि डावा चॅनेल एकटा ऐकून बघा, ठोक्याच्या दोनच नोट्स स्वच्छ सापडतील.