हाय माउंटन उलाँग पुण्यात नीट उतरत नाही – मदत हवी आहे

धाकटा भाऊ नोकरीसाठी तैवानात, सिंचूला असतो. यंदा येताना त्याने तिथल्या आलिशान या डोंगराळ भागातल्या उलाँगची (ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) दीडशे ग्रॅमची दोन पाकिटं आणली. हाच चहा मी त्याच्या घरी प्यायले होते: फुलांचा वास, लोण्यासारखा मऊ घोट आणि गिळल्यावरही घशात रेंगाळणारा गोडवा. इथे मात्र पहिला कप फिका होतो, तिसऱ्यापर्यंत तुरट.

झाकणाच्या लहान कपात (गायवान) १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पत्ती घेते. पाणी आरओचं, साधारण ८५ अंशांचं, कारण उलाँगला ग्रीन टीसारखंच कमी गरम पाणी घ्या असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. पहिला कप दोन मिनिटं ठेवते, त्याच पत्तीचे पुढचे कप तीन-चार मिनिटं. भाऊ म्हणतो उकळतंच पाणी घाल, पण एवढी नाजूक पत्ती करपेल अशी धास्ती वाटते.

साधारण १००० मीटरच्या वरच्या बागांतल्या चहाला हाय माउंटन म्हणतात. थंडी आणि धुक्यामुळे पत्ती सावकाश वाढते, तिच्यात तुरटपणा देणारी कॅटेचिन्स कमी आणि गोडवा देणारं थिअनिन जास्त असतं. मग हा तुरटपणा येतो कुठून? तापमान, वेळ की पाणी? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, भावाचं ऐका. मी काही वर्षं तैवानात ताइचुंगला होतो, तिथे हा चहा उकळत्या पाण्यातच करतात. ही पत्ती कापडात आवळून पुन्हा पुन्हा मळतात, म्हणून तिची घट्ट गोळी होते. ८५ अंशांच्या पाण्यात गोळी वरवरच सुटते, वास आतच राहतो. पुढे ती उलगडते नेमकी तेव्हाच तुम्ही तीन-चार मिनिटं ठेवता, म्हणून तुरट.

कप आधी उकळत्या पाण्याने तापवून रिकामा करा. त्यात कोरडी पत्ती घालून झाकण ठेवा, जरा वेळाने उघडून वास घ्या. तो वास चुकवू नका, निम्मं सुख त्यातच आहे. मग उकळतं पाणी. पहिला कप ५०-६० सेकंद. दुसरा त्याहून कमी, ३५-४०, कारण पत्ती आता मोकळी झालेली असते. त्यानंतर दर वेळी १०-१५ सेकंद वाढवा. कपात पाणी अजिबात मागे ठेवू नका, शेवटचा थेंबही ओतून घ्या. चांगली पत्ती पाच-सहा कप सहज देते.

करपण्याची धास्ती नको. तिकडे चहाची पारख करताना ३ ग्रॅम पत्तीवर १५० मिली उकळतं पाणी घालून पाच-सहा मिनिटं ठेवतात. चांगला चहा त्यातूनही गोडच उतरतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. भर एवढीच की आरओ पाण्यात क्षार फारच कमी राहिले असतील तर चहा सपक लागतो, आणि बोअरचं जड पाणी तर वास मारूनच टाकतं. आरओच्या पाण्यात थोडं उकळून गाळलेलं नळाचं पाणी मिसळून बघा.

पाकिटावर जात कोणती लिहिली आहे? चिंगशिन असेल तर फुलांचा वास. चिनशुआन ही १९८१ साली आलेली वेगळी जात, तिला दुधाळ वास असतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! आज उकळतं पाणी घातलं. दुसऱ्या कपाला तो फुलांचा वास आला, तुरटपणा नावालाही नाही. भावाने पाकीट वाचून सांगितलं, जात चिंगशिन आहे. आता प्रश्न पावसाळ्याचा: उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू का?

प्रतिसाद २

उघडलेलं नको. बाहेर काढलं की दमट हवेतलं पाणी गार पत्तीवर जमतं, शिवाय फ्रिजमधले वास ती लगेच ओढून घेते. घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, उजेड आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. दुसरं पाकीट व्हॅक्यूम पॅक असेल तर पहिलं संपेपर्यंत फोडू नका.