मदत हवी आहे: बीटाच्या प्रयोगात ७० डिग्रीला रंग गडद आणि ९० ला फिका, असं का होतंय?

नमस्कार मंडळी,

माझी लेक अकरावी सायन्सला आहे आणि बायोच्या प्रोजेक्टसाठी तिने तापमानाचा पेशीपटलाच्या पार्यतेवर (म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण आरपार किती जाऊ देतं त्यावर) होणारा परिणाम हा विषय घेतलाय. प्रयोग तसा सोपाच आहे, कच्च्या बीटाचे १ सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, तेवढ्याच पाण्यात, वेगवेगळ्या तापमानाला अर्धा तास ठेवायचे आणि पाण्यात किती रंग उतरला ते बघायचं. बीटाचा रंग (बीटानिन) पेशीच्या आत रिक्तिकेत (रस साठवणाऱ्या पिशवीत) असतो, म्हणजे बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन्ही ओलांडावी लागतात, त्यामुळे पाण्यात रंग आला म्हणजे पटलं गळायला लागली असा हिशोब. इथपर्यंत आम्हा दोघींना नीट समजलंय.

आता अडचण. ३० आणि ४० ला पाणी हलकं गुलाबी, ५० ला थोडं जास्त, ६० ला एकदम लालभडक, ७० ला सगळ्यात गडद. पण ९० ची परीक्षानळी ७० पेक्षा फिकी दिसते, आणि फिकी म्हणजे नुसती कमी लाल नाही तर तपकिरी-पिवळट झाक मारतेय. लेक म्हणते आई, ९० ला पटल परत घट्ट होतं की काय! तसं नसणार एवढं कळतंय मला, पण मग ग्राफ वर जाऊन खाली का येतोय ते पटेल असं सांगता येत नाहीये. आकडे बदलून ग्राफ सरळ करायला ती तयार नाही आणि मलाही ते नकोय. घरात कलरीमीटर (रंग किती गडद ते मोजायचं यंत्र) नाही, मागे पांढरा कागद धरून मोबाईलने फोटो काढतोय.

अजून एक, २० डिग्रीलाही थोडा रंग येतोच, तो कुठून? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

तुमच्या मुलीला आधी शाबासकी, आकडे बदलले नाहीत हे फार छान केलं. ९० ला पटल घट्ट वगैरे काही होत नाही, ते पार कामातून गेलेलं असतं. होतंय असं की बाहेर आलेला रंगच उष्णतेने मोडतोय. बीटानिन हे फार नाजूक रसायन आहे, गरम पाण्यात बराच वेळ राहिलं की त्याचे तुकडे पडतात, त्यातला एक पिवळा असतो आणि दुसऱ्याला रंगच नसतो. म्हणून ती पिवळट झाक. बीट खूप वेळ उकळलं की पाण्याची लाली जाते ना, तेच हे.

यावर उपाय म्हणजे अर्धा तास गरम पाण्यात ठेवूच नका. तुकडे फक्त १ मिनिट त्या त्या तापमानाच्या पाण्यात बुडवा, लगेच काढून साध्या तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका आणि तिथे अर्धा तास राहू द्या. पटलाला जो दणका बसायचा तो मिनिटभरात बसतो आणि रंग थंड पाण्यात उतरतो म्हणून टिकतो.

२० चा रंग कापलेल्या पेशींचा. सुरी फिरली तिथल्या पेशी फुटणारच, त्यामुळे सगळे तुकडे आधी वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि मग टिपकागदाने टिपा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फोटोबद्दल सांगते, बीटानिन ५३५ नॅनोमीटरच्या आसपासचा म्हणजे हिरवा प्रकाश जास्त शोषतं. त्यामुळे फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये फक्त हिरव्या चॅनेलचा आकडा बघा, तो जितका कमी तितका रंग जास्त. सगळ्या नळ्या एकाच फोटोत घ्या, नाहीतर मोबाईल दर फोटोला ब्राइटनेस आपल्या मनाने बदलतो आणि मग तुलनाच होत नाही.

आणि जमलं तर रंगावर अवलंबूनच राहू नका. पटल फाटलं की रंगाबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही बाहेर येतात. आरओचं पाणी तपासतात तो टीडीएस मीटर असेल तर पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर रीडिंग घ्या. मग तीच नळी तुकड्यांसकट झाकून उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा, परत रीडिंग. पहिलं भागिले दुसरं गुणिले १००, ही झाली टक्क्यांत गळती. झाडं उष्णता किंवा थंडी किती सोसतात हे बघायला संशोधकसुद्धा याच पद्धतीने मोजतात. क्षार उष्णतेने मोडत नाहीत, त्यामुळे हा ग्राफ ९० ला खाली येणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! लेकीला वाचून दाखवलं तर ती लगेच टीडीएस मीटर शोधायला पळाली. आता तिचा पुढचा प्रश्न, ६० लाच एवढी उडी का? आणि फ्रीजरमधला तुकडा बाहेर काढल्यावर भरपूर रंग सोडतो पण खाली फ्रीजमध्ये ठेवलेला सोडत नाही, हे कसं?

प्रतिसाद १

पटलात फॉस्फोलिपिडचे (लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ) दोन थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं असतात. तापमान वाढलं की लिपिड जास्त पातळ, सैल होतात, म्हणून ५० पर्यंत गळती हळूहळू वाढते. त्याच्या पुढे प्रथिनं आपला आकार सोडायला लागतात आणि रचनाच ढासळते, तिथे उडी दिसते. फ्रीजरमध्ये बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात. फ्रीजच्या ४ डिग्रीला बर्फ होत नाही आणि बीट हे थंडीचं पीक, त्याचं पटल तेवढं सोसतं. केळं मात्र सोसत नाही, साधारण १३ डिग्रीच्या खाली त्याच्या पटलातले लिपिड घट्ट होऊन पटल गळायला लागतं, वेगवेगळ्या कप्प्यांतली फिनॉलं आणि एन्झाइमं एकत्र येतात आणि साल काळी पडते. जळगावकडे कडाक्याच्या थंडीत केळीच्या बागांना फटका बसतो त्यातही हा भाग असतो. प्रोजेक्टमध्ये बीटाशेजारी केळ्याची साल ठेवली तर थंडीची बाजूही येईल.

धागाकर्ती

हे फारच आवडलं तिला, केळ्याची साल नक्की घेतोय. धुऊन, १ मिनिटाच्या पद्धतीने परत करतो आणि रंग-टीडीएस दोन्ही ग्राफ इथेच टाकते. सालीचे तुकडे कापल्या कापल्या काळे पडतात, त्यासाठी आधी अख्खं केळं फ्रीजमध्ये ठेवून मग कापायचं का, एवढं कुणी सांगाल का?

प्रतिसाद २

हो, अख्खंच ठेवा, आणि त्याच फण्यातलं दुसरं बाहेर ठेवा. दोन्ही एकाच वेळी कापून, धुऊन लगेच पाण्यात टाका.